होडीचे यंत्र : केव्हा वर, केव्हा खाली

काळी नदी जोयडा तालुक्यात सह्याद्रीच्या रानात उगम पावते आणि सुमारे 184 किलोमीटरांची वाट चालून कारवारजवळ, सदाशिवगडाच्या पायथ्याशी, समुद्रास मिळते. नदी एकच, पण होडी चालविणाऱ्याच्या दृष्टीने तिच्या दोन टोकांचे पाणी अगदी निराळे. खाली मुखापाशी पाणी खारे, दिवसातून दोनदा भरती-ओहोटी. वर जोयडा तालुक्यात गणेशगुडी येथे 101 मीटर उंचीचे सुपा धरण. ते 1987 मध्ये पुरे झाले आणि काळी व पांढरी ह्या नद्यांच्या संगमावरचे जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. तेथे पाणी गोडे, भरती नाही. पण पावसाळ्याअखेर भरलेला जलाशय उन्हाळ्यात खूप खाली उतरतो, आणि काल जेथे दहा हात पाणी होते तेथे आज दोन हातही नसते. रान बुडवून झालेल्या अशा जलाशयांत जुन्या झाडांचे बुंधे पाण्याखाली उभे राहिलेले असतात, हेही विसरता येत नाही.

खाडी असो की जलाशय, शिडाच्या लहान होडीला मागे यंत्र लावले की एक प्रश्न सतत पुढे उभा राहतो. हे यंत्र आत्ता पाण्यात असावे की पाण्याबाहेर? प्रश्न क्षुल्लक वाटतो, परंतु त्याचे उत्तर चुकले म्हणजे कधी यंत्र मोडते, कधी होडी खडकावर जाते, आणि क्वचित माणूसही पाण्यात पडतो.

हे यंत्र म्हणजे आऊटबोर्ड मोटर. तिचे इंजिन, खाली उतरणारा दांडा आणि टोकाचा पंखा हे सारे एकसंध असून ते होडीच्या पोटात न बसविता मागच्या आडव्या फळीवर बाहेरून टांगलेले असते. असे यंत्र करण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. पण त्यास खरा प्रसार मिळवून दिला तो ओले एव्हिनरूड ह्या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिराने. त्याने 1909 मध्ये बाजारात आणलेली मोटर दीड अश्वशक्तीची होती आणि तिचे वजन 62 पौंड, म्हणजे सुमारे 28 किलो, होते. तेवढ्याच वजनात आज त्याच्या कितीतरी पट शक्ती मिळते. मात्र यंत्र फळीवर लटकलेले असणे आणि ते खिळीवर फिरवून वर उचलता येणे, ही मूळची सोय आजही तशीच आहे.

आता ते उचलावयाचे कशासाठी? शिडावर चाललेल्या होडीच्या मागे थांबलेला पंखा म्हणजे पाण्यात धरून ठेवलेला पंजाच होय. वाऱ्याने दिलेल्या बळाचा मोठा वाटा तो पंजा ओढण्यातच खर्ची पडतो. वारा मंद असेल तर हा फरक विशेष जाणवतो. यंत्र वर घेताच होडी सुटल्यासारखी पुढे सरकते. पंख्यामुळे घुसळलेले पाणी सुकाणूपाशी येत असल्याने वळणेही जड होते. म्हणून शीड भरले की यंत्र पाण्याबाहेर, हा पहिला नियम.

दुसरा नियम ह्याच्या उलट आहे. यंत्र चालू असेल तेव्हा पंखा पुरेसा खोल असलाच पाहिजे. तो पृष्ठाजवळ आला की वरची हवा खाली ओढतो, पाण्याऐवजी फेस घुसळू लागतो, आणि यंत्राचा आवाज एकदम चढतो. होडी मात्र पुढे जात नाही. शिवाय यंत्र थंड ठेवणारे पाणीही खालच्याच भागातून वर खेचले जाते. ते मिळेनासे झाले की पंपाचे रबरी चाक कोरडेच फिरून थोड्याच वेळात जळते. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते ती होडीच्या तळापेक्षा सुमारे इंचभर खाली राहावी, असा साधारण ठोकताळा आहे. ह्यासाठीच मोटारी आखूड व लांब दांड्याच्या मिळतात. पहिल्या सुमारे 15 इंची फळीसाठी, दुसऱ्या 20 इंची फळीसाठी. शिडाच्या होडीस लांब दांडा बरा. कारण असे : शीड उतरविण्यासाठी एक माणूस नाळेकडे गेला की पुढचा भाग दबतो, मागचा उचलला जातो, आणि आखूड दांड्याचा पंखा नेमका त्याच क्षणी पाण्याबाहेर येतो. धक्का जवळ आलेला, शीड अर्धे उतरलेले, आणि यंत्र हवेत भिरभिरणारे, ही स्थिती कोणासही नको असते.

यंत्र वर-खाली करण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली रीत कलविण्याची. यंत्र फळीवरच्या खिळीभोवती फिरते. डोके होडीच्या आत झुकते आणि पंखा मागे व वर येतो. दुसरी रीत उचलण्याची. येथे यंत्र फळीवर न बसविता एका सरकत्या चौकटीवर बसवितात. तिचे हात स्प्रिंगच्या जोरावर यंत्र उभेच्या उभे वर आणतात. मागची फळी उंच असलेल्या होडीस ही चौकट फार उपयोगी पडते. पण केवळ चौकट वर घेऊन पंखा पाण्याबाहेर येईलच असे नाही. बहुधा आधी चौकट वर आणि मग यंत्र कलते, अशा दोन्ही क्रिया कराव्या लागतात.

ह्या यंत्राच्या अंगी असलेला एक गुण समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे. पुढे जात असताना दांडा पाण्याखालच्या खडकास किंवा बुंध्यास लागला, तर यंत्र आपोआप मागे कलून वर उसळते व आघात टाळते. उलट्या गतीत मात्र पंख्याचा जोरच यंत्रास वर फेकू पाहतो. म्हणून मागे जाताना त्यास खाली धरून ठेवणारा एक अडसर असतो. काही मोटारींत तो उलटा गिअर टाकताच आपोआप पडतो, काहींत हाताने लावावा लागतो. हाताने लावलेला अडसर पुढे जाताना तसाच राहिला, तर यंत्राची उसळण्याची सोय नाहीशी होते आणि सारा आघात फळी व दांडा ह्यांवर येतो. बुडालेल्या रानावरून जाणाऱ्यास किंवा ओहोटीच्या वेळी वाळूवरून जाणाऱ्यास ह्या एका चुकीची किंमत फार पडते. म्हणून उथळ पाण्यात वेग कमी आणि अडसर सुटा, हे पाठच असावे. बऱ्याच लहान मोटारींच्या पंख्यात नरम धातूची एक खीळ असते. आघात झाल्यास ती स्वतः तुटून पुढचे दाते वाचविते. तशा मोटारीबरोबर दोन जादा खिळी आणि एक पकड होडीत ठेवावी.

यंत्र खाली घेण्याचा क्रम असा. मागून पाण्यात लोंबणाऱ्या सर्व दोऱ्या आधी आत ओढाव्यात. शिडाची दोरी पंख्यात गुंतली तर शीडही जाते आणि यंत्रही. मग चौकट खाली, त्यानंतर यंत्र सरळ, खुंटी आपल्या जागी बसल्याची खात्री, इंधनाच्या टाकीचा हवेचा छेद उघडा, गिअर मोकळा, आणि मग चालू करणे. चालू होताच मागून पाण्याची बारीक धार पडते आहे का, ते पाहावे. धार नसेल तर यंत्र तत्काळ बंद करावे. हे सर्व शीड उतरविण्यापूर्वी झाले पाहिजे. शीड आधी उतरवून मग दोरी ओढीत बसणारा मनुष्य त्या वेळी ना वाऱ्याच्या आधारावर असतो, ना यंत्राच्या.

वर घेताना हाच क्रम उलटा. शीड भरले, होडी वेग धरून सुकाणूस दाद देऊ लागली, म्हणजे गिअर मोकळा करून यंत्र बंद करावे. चालू यंत्र कधीही कलवू नये. टाकी यंत्रातच असेल तर तिचा हवेचा छेद बंद करावा, नाहीतर इंधन सांडते. मग अडसर सोडून, डोक्यामागील पकडीस धरून, यंत्र एका दमात आपल्याकडे ओढावे आणि आधाराची खुंटी बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय हात सोडू नये. अर्धवट कललेले यंत्र खाली कोसळते आणि मध्ये बोट असेल तर ते चिरडते.

येथे शरीराच्या तोलाचाही विचार हवा. चार-पाच अश्वशक्तीची मोटर वीस ते पंचवीस किलोंची असते. ती उचलण्यास माणूस अगदी मागे जाऊन वाकतो. लहान होडीत एवढे वजन एका टोकास गेले की तिचा मागचा काठ पाण्याजवळ येतो. म्हणून गुडघा टेकून, एक हात होडीस धरून, दुसऱ्याने काम करावे. सोबत्याने मध्यभागी बसावे आणि सुकाणू सांभाळावे. अंगात तरंगजाकीट असावे. यंत्रास एक मजबूत दोरी किंवा साखळी बांधून ती होडीस अडकवावी, कारण फळीवरचे स्क्रू हादऱ्याने सैल होतात.

होडी नांगरून ठेवताना यंत्र वरच असावे. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या धातूस गंज लागतो आणि शिंपल्यांचे थर चढतात. खाडीतून परतल्यावर गोड्या पाण्याने आतली नळी धुवावी. दांड्याला लावलेला जस्ताचा तुकडा झिजला की बदलावा. तो स्वतः झिजून बाकीचे धातू राखतो. कारवारहून अणशी घाटाने होडी गाडीवर चढवून वर आणावयाची झाल्यास यंत्र काढून ठेवणे उत्तम. आडवे ठेवताना डोके पंख्याच्या बाजूपेक्षा उंच असावे, म्हणजे दांड्यात उरलेले पाणी सिलिंडरकडे जाणार नाही.

ह्या सर्व सूचना एका वाक्यात सांगावयाच्या तर : खाली घेण्यास घाई करावी, वर घेण्यास करू नये. समजा, सांज होत आली आहे, वारा पडतो आहे आणि काठ अजून दूर आहे. शहाणा नाविक पुरता अंधार पडण्याची वाट पाहत नाही. हाताखालचे पाणी दिसते आहे तोवर तो दोऱ्या आवरतो, यंत्र खाली घेतो आणि धार पडते की नाही ते पाहतो. वारा पुन्हा आला तर यंत्र वर घेण्यास अर्धे मिनिट पुरते. वारा न आल्यास काठ गाठण्याची तयारी मात्र झालेली असते.