वाहन छायाचित्रण (छंद)

वाहन छायाचित्रण हा विमाने, रेल्वेगाड्या, बसगाड्या, जहाजे, मालमोटारी इत्यादी वाहनांची छायाचित्रे स्वतःच्या आवडीने, व्यवसाय म्हणून नव्हे, टिपण्याचा व संग्रहित करण्याचा छंद होय. केवळ सुंदर चित्र मिळवणे हा त्याचा एकमेव हेतू नसतो. चित्रातील वाहन नेमके कोणते, ते कोठे व केव्हा दिसले, याची नोंद ठेवणे हा या छंदाचा तितकाच महत्त्वाचा भाग मानला जातो. महाराष्ट्रात मुंबईचा विमानतळ, बोरघाट, कोकण रेल्वेचा मार्ग आणि राज्य परिवहन महामंडळाच्या (एसटी) बसगाड्या हे या छंदाचे प्रमुख विषय आहेत.

स्वरूप

छंदिष्टांमध्ये साधारणतः दोन प्रवृत्ती आढळतात. काहींचा भर संग्रहाच्या पूर्णतेवर असतो. एखाद्या विमान कंपनीचे प्रत्येक विमान किंवा एखाद्या लोको शेडचे प्रत्येक इंजिन आपल्या संग्रहात असावे, अशी त्यांची धडपड असते. इतरांना वाहनाइतकाच भोवतालचा निसर्ग, घाट, पूल वा स्थानक महत्त्वाचे वाटते. पहिल्या प्रकारची चित्रे अनेकदा एकसुरी दिसतात. मात्र अभ्यासकाला पुढे तीच अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांत क्रमांक स्पष्ट वाचता येतो.

फिल्मच्या काळात एका रोलमध्ये साधारण ३६ चित्रे मिळत आणि रोल धुण्याचा खर्च वेगळा असे. त्यामुळे रोज दिसणाऱ्या वाहनावर फिल्म खर्च करण्यास सहसा कोणी धजावत नसे. अंकीय कॅमेरा आणि पुढे मोबाइल आल्यावर ही अडचण उरली नाही. परिणामी, सामान्य वाहनांच्या चित्रांचा साठा अलीकडच्या काळात विपुल, तर आधीच्या काळातील विरळ आहे.

नोंदीचे महत्त्व

वाहनाचे रूप कायम राहत नाही. रंगसंगती बदलते, जुनी बांधणी मोडीत निघते, मार्ग बंद होतो. मुंबईत मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावरील डीसी विद्युतप्रवाहावरील उपनगरी गाडीची शेवटची फेरी ९ एप्रिल २०१६ रोजी झाली. बेस्टच्या जुन्या डिझेल दुमजली बसने १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची फेरी केली. एअर इंडियाच्या बोइंग ७४७ प्रकारातील एका विमानाने २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून उड्डाण करताना पंख झुकवून निरोप दिला. अशा जाहीर निरोपाच्या प्रसंगी कॅमेऱ्यांची गर्दी होते. परंतु त्याआधीच्या दशकांतील सर्वसाधारण दिवसांची चित्रे मुख्यतः नियमाने नोंद ठेवणाऱ्या हौशी छायाचित्रकारांकडेच सापडतात.

एसटीच्या बाबतीत नोंदणी क्रमांकही बोलका ठरतो. महामंडळाच्या अनेक गाड्यांची बांधणी दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) आणि हिंगणा (नागपूर) येथील कार्यशाळांत झाली. तेथे नोंदणी झालेल्या गाड्यांना अनुक्रमे एमएच १४, एमएच २० आणि एमएच ४० या मालिकांतील क्रमांक मिळाले. त्यामुळे कोकणातील आगारात उभ्या असलेल्या बसचा क्रमांक वाचून ती कोणत्या कार्यशाळेतून आली याचा अंदाज जाणकार करतात. चित्रात पुढच्या काचेवरील मार्गाची पाटी वाचता येत असेल, तर ती नोंद अधिक मोलाची ठरते.

महाड–पोलादपूर परिसर

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील हा परिसर वाहन छायाचित्रणाच्या दृष्टीने विशेष आहे, कारण येथे महामार्ग, घाटरस्ते व लोहमार्ग जवळजवळ येतात आणि गेल्या काही वर्षांत या तिन्हींचे रूप पालटले आहे.

कोकण रेल्वेचा रोहा–वीर हा टप्पा मार्च १९९३ मध्ये सुरू झाला. महाड तालुक्यातील वीर हे स्थानक तेव्हा काही काळ या बाजूचे अंतिम स्थानक होते. संपूर्ण मार्गाचे लोकार्पण १९९८ मध्ये झाले. सुरुवातीपासून सुमारे तीन दशके या मार्गावर डिझेल इंजिनेच धावली. हिरव्या डोंगरउतारांपुढे, वर एकही तार नसलेली गाडी ही कोकण रेल्वेच्या छायाचित्रांची ओळखच बनली होती. रोहा–वीर दरम्यानचे दुपदरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर २० जून २०२२ रोजी संपूर्ण मार्गाच्या विद्युतीकरणाचे लोकार्पण झाले आणि प्रवासी गाड्यांना विद्युत इंजिने जोडली जाऊ लागली. प्रदूषण व इंधनखर्चाच्या दृष्टीने हा बदल निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु खांब व तारा आल्याने छायाचित्रणाच्या अनेक जुन्या जागा बाद झाल्या. वीर, सापे वामने, करंजाडी व विन्हेरे या स्थानकांच्या परिसरात २०२२ पूर्वी घेतलेली चित्रे आता पुन्हा घेता येणारी नाहीत.

याच मार्गावर कोलाड ते वेर्णा (गोवा) अशी रो-रो सेवा १९९९ मध्ये सुरू झाली. भरलेले ट्रक चालकासह सपाट वाघिणींवर चढवून नेले जातात. एका वाहनावर दुसऱ्या वाहनांची रांग दाखवणारे असे दृश्य देशात फार थोड्या ठिकाणी मिळते, म्हणून ही गाडी रेल्वे आणि रस्ता या दोन्ही विषयांच्या छंदिष्टांना प्रिय आहे.

रस्त्यांवर वरंध घाट (महाड–भोर), आंबेनळी घाट (पोलादपूर–महाबळेश्वर) आणि कशेडी घाट (पोलादपूर–खेड) येथील वळणे एसटीच्या छायाचित्रांसाठी ओळखली जातात. कशेडीच्या बोगद्यांमुळे तेथील वाहतूक घाटातून हटू लागली आहे. मुंबई–गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. त्या दुर्घटनेत एसटीच्या जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन बसगाड्या वाहून गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला.

महाड–रायगड मार्गावरील नाते हे गाव भारताचे माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. महाडहून पाचाडकडे जाणाऱ्या एसटी गाड्या या गावावरून जातात. महामार्गावरील वेगवान वाहतुकीच्या तुलनेत अशा ग्रामीण फेऱ्यांकडे छायाचित्रकारांचे लक्ष कमी जाते. वास्तविक, बंद पडण्याचा धोका त्यांनाच अधिक असतो.

तंत्र

धावत्या वाहनाबरोबर कॅमेरा फिरवत १/६० ते १/१२५ सेकंद इतका शटरवेग ठेवल्यास वाहन स्पष्ट आणि पार्श्वभूमी धूसर येते. पंख्याच्या विमानासाठी शटरवेग जास्त ठेवला, तर पंखा थांबल्यासारखा दिसतो आणि विमान हवेत टांगल्याचा भास होतो. बस व रेल्वेवरील एलईडी पाट्या प्रत्यक्षात सतत उघडझाप करत असतात. जलद शटरवेगात त्यांतील अक्षरे अर्धवट उमटतात. दुपारी धावपट्टीवरून उठणाऱ्या तप्त हवेमुळे दूरच्या विमानाच्या कडा थरथरल्यासारख्या दिसतात. हा दोष महागड्या भिंगानेही जात नाही, त्यावर सकाळ गाठणे हाच उपाय.

कोकण रेल्वेचा मार्ग स्थूलमानाने उत्तर–दक्षिण असल्याने सकाळी गाडीच्या पूर्वेकडील व संध्याकाळी पश्चिमेकडील बाजूवर ऊन पडते. पावसाळ्यात गाड्या कमी वेगाने व वेगळ्या वेळापत्रकानुसार धावतात. निसर्ग त्याच काळात सर्वांत देखणा असतो, पण प्रकाश सर्वांत कमी.

कायदा व सुरक्षितता

भारतात या छंदाला स्पष्ट मान्यता देणारा स्वतंत्र कायदा नाही. विमान नियम, १९३७ मधील तेराव्या नियमाने सरकारी विमानतळावर व उडत्या विमानातून छायाचित्रे घेण्यावर पूर्वपरवानगीचे बंधन घातले होते. पुण्याचा लोहगाव आणि गोव्याचा दाबोळी हे विमानतळ अनुक्रमे हवाई दल व नौदलाच्या तळांवर असल्याने तेथील निर्बंध अधिक कडक आहेत. मुंबईत म्हणूनच बहुतेक छायाचित्रण विमानतळाच्या हद्दीबाहेरून, विमाने उतरण्याच्या मार्गाखालील वस्त्यांमधून होते. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या उद्घाटनाने (८ ऑक्टोबर २०२५) रायगड जिल्ह्यातही, पनवेलच्या बाजूला, या छंदाला नवे क्षेत्र मिळाले आहे.

रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश केल्यास रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्थानकात फलाट तिकीट काढून थांबता येते. रुळांवर, पुलांवर व बोगद्यांच्या तोंडाशी जाता येत नाही. विद्युतीकरणानंतर धोका वाढला आहे. डिझेल इंजिनाचा आवाज लांबून ऐकू येत असे, विद्युत इंजिनाची चाहूल मात्र उशिरा लागते. दुपदरी झालेल्या रोहा–वीर टप्प्यात एका रुळावरील गाडीकडे पाहत असताना दुसऱ्या रुळावरून उलट दिशेने गाडी येऊ शकते. तारांमध्ये २५,००० व्होल्टचा विद्युतदाब असतो. त्यामुळे पादचारी पुलावरून लांब दांडीला कॅमेरा लावून चित्र घेणे जीवघेणे ठरू शकते. तारेला प्रत्यक्ष स्पर्श न होताही विजेचा धक्का बसतो.