रुळांवरून उतरलेली लहान आगगाडी

नमुन्याची आगगाडी रुळांवर धांवतांनाच बिघडते, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु रुळांवरून उचलतांना व पेटींत पडून राहिली असतांनाही तिचें बरेंच नुकसान होतें. म्हणून एंजिनें, उतारूंचे डबे व मालाच्या वाघिणी कशा हाताळाव्या व कशा ठेवाव्या, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

आज विशेष प्रचारांत असलेल्या ‘एच-ओ’ प्रमाणांत गाडी खऱ्या गाडीच्या १/८७ असते व दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असतें. एवढ्या लहान आकारांत पायऱ्या, कठडे व जोडणीचे आंकडे फारच नाजूक असतात. म्हणून गाडी छपरास किंवा कठड्यास न धरतां तळच्या सांगाड्यास दोन्ही बाजूंनीं धरावी. आधीं आंकडे सोडवावे व मग एकेक डबा उचलावा. हात धुऊन कोरडे करावे. कारण घामांतील क्षारानें धातु गंजतो.

प्रत्येक डब्यास पेटींत स्वतंत्र खण असावा व डबा आम्लरहित पातळ कागदांत गुंडाळावा. स्पंजासारखा फोम आंत घालणें सोईचें वाटतें. पण कांहीं वर्षांनीं तो चिकट होऊन त्याचा भुगा होतो व तो रंगास चिकटतो. पेटी आडवीच ठेवावी. उभी केल्यास सर्व भार टोकाच्या आंकड्यांवर येतो. उन्हाच्या झळीनें प्लॅस्टिक वांकतें. आपल्याकडील पावसाळ्यांत पेटींत सिलिका जेलची पुडी ठेवावी व ती वेळोवेळीं बदलावी.

एक दोष मात्र निगेनें टळत नाहीं. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या कित्येक एंजिनांचे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग कालांतरानें फुगतात व तडकतात. ओततांना जस्तांत शिशाचा अंश राहिला, हें त्याचें मुख्य कारण होय. दमट व उष्ण हवेनें हा बिघाड वाढतो. थंड, कोरड्या जागीं तो केवळ मंदावतो. म्हणून आजोबांकडून आलेल्या एंजिनाचें चाक असें तडकलें, तर मुलास बोल लावण्यापूर्वीं वडिलांनीं धातु नीट पाहावा.

कपाटास कुलूप लावल्यानें गाडी सुरक्षित राहते, असें नाहीं. ती उचलण्याची व ठेवण्याची रीत मुलांस शिकविल्यास गाडीही टिकेल आणि पुढच्या पिढीसाठीं वस्तु जपण्याची संवयही त्यांच्या अंगीं बाणेल.