घरची चूल आणि दुकानाचा गल्ला

"दुकान आपले, गल्ला आपला, मग त्यातून घरचा किराणा भरला तर बिघडले कोठे?" हा प्रश्न अनेक प्रामाणिक माणसेही सहज विचारतात. आपल्या धर्मप्रांतातील कितीतरी कुटुंबे आज स्वतःच्या व्यवसायावर उभी आहेत. कोणाची बेकरी आहे, कोणी केटरिंग करतो, कोणी भावाच्या भागीदारीत बांधकामाची कंत्राटे घेतो. म्हणून या प्रश्नाचा कायद्याच्या आणि श्रद्धेच्या अशा दोन्ही अंगांनी विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. एकट्याच्या मालकीच्या धंद्यातून मालकाने घरासाठी पैसे घेणे हा गुन्हा नव्हे. हिशेबात त्यास 'उचल' म्हणतात. मात्र तीच रक्कम धंद्याचा 'खर्च' म्हणून दाखविली, की असत्याचा आरंभ होतो. भागीदारीत गोष्ट अधिक गंभीर आहे. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, पेढीची मालमत्ता केवळ पेढीच्या कामासाठीच वापरावयाची असते. खासगी कंपनी तर कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्तीच होय. तिचे सर्व भाग आपल्याच घरात असले तरी तिची तिजोरी आपला खिसा होत नाही.

आता कराचा विचार करू. जो खर्च संपूर्णपणे व केवळ व्यवसायासाठी झाला, तोच उत्पन्नातून वजा करता येतो. वैयक्तिक खर्च नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातील हे तत्त्व २०२५ च्या नव्या कायद्यातही कायम ठेवले आहे. समजा, एका भागीदारी पेढीने मुलीच्या लग्नातील एक लाख रुपयांचे बिल 'ग्राहकांचे आदरातिथ्य' म्हणून दाखविले. पेढीला ३० टक्के कर व त्यावर ४ टक्के उपकर धरता ३१,२०० रुपये वाचल्यासारखे वाटतात. परंतु ही माहिती जाणूनबुजून खोटी दिल्याचे ठरले, तर तो कर भरावा लागतोच. शिवाय कराच्या दुप्पट, म्हणजे ६२,४०० रुपये दंड होऊ शकतो. एकूण ९३,६०० रुपये झाले, आणि व्याज निराळेच. घरच्या वस्तूंवरील जीएसटीची वजावट घेतली असेल, तर तीही व्याजासह परत करावी लागते.

श्रीमंतांनाही हा मोह सुटत नाही. न्यूयॉर्कमधील हॉटेलांच्या मालकीण लिओना हेल्म्सली यांनी कनेटिकटमधील आपल्या प्रासादतुल्य घराच्या नूतनीकरणाची बिले आपल्या व्यवसायांच्या नावे लावली. बिले थकल्याने कंत्राटदार नाराज झाले आणि प्रकरण बाहेर फुटले. १९८९ मध्ये त्या करचुकवेगिरीबद्दल दोषी ठरल्या व १९९२ मध्ये त्यांना तुरुंगात जावे लागले. खोटे बिल मालकाला एकट्याला करता येत नाही. कारागीर, कारकून, पुरवठादार असा कोणीतरी साक्षीदार मागे राहतोच.

काही तोटे मात्र कोणत्याही नोटिशीशिवाय पदरी पडतात. खर्च फुगविला की नफा कमी दिसतो, आणि उद्या कर्जासाठी बँकेत गेल्यावर तीच विवरणपत्रे आपल्याविरुद्ध बोलू लागतात. धंदा खरोखर चालतो की बुडतो, हे मालकालाही उमगेनासे होते. एक भाऊ पेढीच्या पैशाने गाडी घेतो; दुसरा गप्प राहतो, पण विसरत नाही. कामगाराला "यंदा नफा नाही" असे सांगितले जाते, आणि मालकाच्या घरी झालेला समारंभ त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे संदिग्ध नाही. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४०९ व्या परिच्छेदात सातव्या आज्ञेविरुद्धची कृत्ये सांगताना, उद्योगाची सामायिक मालमत्ता खासगी कामासाठी वापरणे, करचुकवेगिरी आणि खोटी बिले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. संत लूकच्या शुभवर्तमानातील सोळाव्या अध्यायात धन्याची मालमत्ता उधळणाऱ्या कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. आपणही देवाने सोपविलेल्या धनाचे कारभारीच आहोत.

मग करावे काय? घराचे व धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवावे. दरमहा ठराविक रक्कम उचल वा वेतन म्हणून घ्यावी व घर तेवढ्यात चालवावे. भागीदारांनी ही रक्कम करारपत्रात लिहून ठेवावी. गाडी, फोन यांचा उपयोग दोन्हीकडे होत असेल, तर वापराची नोंद ठेवून धंद्याचा वाटा तेवढाच खर्चात धरावा. चुकून धंद्याच्या खात्यातून घरचे पैसे गेले, तर त्याच दिवशी ते उचल म्हणून लिहावेत. शंका आल्यास बिल फाडण्याआधी सीएला विचारावे, नंतर नव्हे.

मागे चूक झाली असेल, तर वाट बंद झालेली नाही. २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्र भरून, अधिकचा कर देऊन, उत्पन्न दुरुस्त करण्याची सोय झाली आणि २०२५ मध्ये तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. तिला काही अटी आहेत; नोटीस येण्याची वाट पाहू नये. भागीदाराचे घेतले असेल, तर त्याचे त्याला परत करावे. पापनिवेदनात क्षमा मिळते, परंतु दुसऱ्याचे जे घेतले ते परत करण्याचे कर्तव्य त्याने संपत नाही. जक्कयने प्रभूला घरी घेतले आणि त्याच दिवशी फसविलेल्यांना चौपट परत देण्याचे वचन दिले. तारण त्याच्या घरी आले, ते हिशेब चुकता करण्याच्या त्या निर्धारासह.