जिना उतरणारा रूटर

"अगं, वळणावर थांब जरा," वरून सरांचा आवाज येतो. विद्यार्थिनी थांबते. तिच्या हातात पाच व्होल्टवर चालणारा एक छोटा वायफाय रूटर आहे आणि त्याला चिकटपट्टीने पॉवर बँक बांधलेली आहे. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा हा तिसरा मजला. व्हरांड्यात असेच आणखी चार रूटर अंतराअंतरावर ठेवले आहेत आणि टेबलावरच्या लॅपटॉपवर एक तक्ता सतत ताजा होतो आहे. विद्यार्थिनीच्या रूटरच्या ओळीत मघाशी 251 हा आकडा होता. ती जिन्याकडे वळली तेव्हा 214 झाला, वळणावर 120. मग तोच आकडा एकदम 163 वर चढतो. शेवटच्या रकान्यातलं नावही बदललेलं असतं. निरोप आता थेट न जाता जिन्याच्या तोंडाशी ठेवलेल्या रूटरमार्फत चालला आहे. कुणीही कुठलं बटण दाबलेलं नाही.

मोबाइल ॲडहॉक नेटवर्क म्हणतात ते हे. टॉवर नाही, मुख्य केंद्र नाही. प्रत्येक यंत्र स्वतःचे निरोप पाठवतं आणि दुसऱ्यांचेही पुढे पोचवतं. यंत्रं जागा बदलत असतात, त्यामुळे कालचा रस्ता आज असेलच असं नाही. हा रस्ता शोधण्याच्या नियमांना राउटिंग प्रोटोकॉल म्हणतात.

या नियमांच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं पान 1994 चं आहे. चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी त्या वर्षी 'डीएसडीव्ही' ही पद्धत मांडली. हेच भागवत पुढे एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले; तिचं अभियांत्रिकीचं काम बरंचसं पुण्यातच चाले. पर्किन्स आणि भागवत यांच्यापुढचा प्रश्न शिळ्या बातमीचा होता. एखादा दुवा तुटला, तरी जुनी खबर शेजाऱ्यांच्या तोंडी फिरत राहते आणि निरोप गोल गोल फिरतो. त्यावरचा उपाय साधा होता. प्रत्येक यंत्राने आपल्या खबरेवर चढता सम क्रमांक घालायचा. दुवा तुटल्याचं ज्याच्या लक्षात येईल त्याने विषम क्रमांक घालून तसं कळवायचं. मोठा क्रमांक दिसला की जुनी खबर रद्द. पर्किन्स यांच्याच पुढच्या 'एओडीव्ही'त हे क्रमांक राहिले, पण रस्ता गरज पडेल तेव्हाच हाकारे घालून शोधायचा असं ठरलं. कमी विजेवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांच्या 'झिगबी' जाळ्यांत याच कल्पनेचा वापर होतो.

कागदावर हे सगळं चोख दिसतं. खरी कसोटी लागली ती बर्लिनच्या गच्च्यांवर.

तिथे 2002 साली 'फ्रायफुंक' ही चळवळ सुरू झाली. लोक आपापल्या छपरावर स्वस्त रूटर लावून शेजाऱ्यांशी जोडून घेऊ लागले. त्यांनी वापरलेल्या 'ओएलएसआर' प्रोटोकॉलचा मसुदा फ्रान्समधल्या संशोधकांनी केला होता आणि 2003 मध्ये तो प्रायोगिक दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक रूटर अख्ख्या जाळ्याचा नकाशा बाळगतो आणि कमीत कमी टप्प्यांचा रस्ता निवडतो. घात झाला तो इथेच. टप्पे कमी हवेत, तर प्रत्येक टप्पा लांबचा निवडावा लागतो. आणि लांबचा दुवा म्हणजे जेमतेम ऐकू येणारा दुवा! त्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी टप्पे मोजण्याऐवजी एक पाकीट पोचायला सरासरी किती वेळा पाठवावं लागेल हे मोजायची रीत मांडली. बर्लिनकरांनी ती उचलली. मूळ मसुद्यातल्या काही हुशारीच्या सोयीही त्यांनी बंद करून टाकल्या, कारण अर्धवट ऐकू येणाऱ्या हवेत त्यांच्यामुळेच रस्ते कोसळत होते. तरी नकाशाचा भार राहिलाच. साडेचारशे रूटरांचा नकाशा एकदा नव्याने मांडायला त्या चिमुकल्या प्रोसेसरला काही सेकंद लागत, आणि तेवढ्यात हवा बदललेली असे.

म्हणून त्यांनी नकाशाच सोडला. नव्या प्रोटोकॉलचं नाव 'बॅटमॅन', आणि व्हरांड्यातल्या पाचही रूटरांत आज तोच चालतो आहे. आपल्याकडे खेड्यात पत्ता विचारला तर "वडापर्यंत जा, तिथे विचारा" असं सांगतात. सांगणाऱ्याला पुढचा सगळा रस्ता ठाऊक नसतो, पण वडाची दिशा पक्की माहीत असते. बॅटमॅनचा रूटर तेवढंच लक्षात ठेवतो: अमक्याकडे जायचं तर कुठल्या शेजाऱ्याच्या हाती द्यायचं.

हे त्याला कळतं ते कान देऊन. प्रत्येक रूटर साधारण दर सेकंदाला "मी आहे" अशी हाक देतो आणि शेजारी ती पुढे सरकवतात. शेवटच्या 64 हाकांपैकी किती ऐकू आल्या हे मोजलं जातं. पण मला तू ऐकू येतोस याचा अर्थ तुला मी ऐकू येतो असा होत नाही. रेडिओचा दुवा अनेकदा एकतर्फी असतो. तेव्हा रूटर स्वतःच्या हाकेचा प्रतिध्वनीही मोजतो. समजा, शेजाऱ्याच्या 64 पैकी 48 हाका ऐकू आल्या आणि आपल्या 64 पैकी 27 त्याच्याकडून परतल्या. परतलेली हाक तिकडे पोचलीही आणि तिकडून परत ऐकूही आली. म्हणून 27 ला 48 ने भागायचं. नुसती जाण्याची बाजू उरते, सुमारे 56 टक्के. पडद्यावरचे 255 पैकीचे आकडे अशा हिशेबातून येतात. ही या प्रोटोकॉलमधली सर्वांत देखणी गोष्ट आहे. बॅटमॅन 2011 पासून लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट आहे, आणि तो कुणालाही फुकट वापरता येतो.

आपल्याकडे या विषयावरचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प बहुधा सिम्युलेटरवर होतात. त्यात सपाट चौकोनी मैदानावर ठिपके फिरतात. वर्तुळाच्या आत स्वच्छ ऐकू येतं, बाहेर शून्य. त्या मैदानात जिना नसतो, लिफ्टचा लोखंडी दरवाजा नसतो, दाराशी घोळका करून उभी राहिलेली मुलं नसतात. सिम्युलेटर हवाच, शेकडो यंत्रं कुठून आणणार? पण एक दुपार तरी शिक्षकांनी मुलांच्या हाती रूटर देऊन त्यांना इमारतीत फिरवावं.

विद्यार्थिनी आता तळमजल्यावर पोचली आहे. आकडा 163 वरून 71, मग 38. ती पार्किंगमध्ये शिरते आणि 'शेवटची हाक' या रकान्यातले सेकंद वाढू लागतात: दहा, चाळीस, नव्वद. सर फोनवर तिला तिथेच उभं राहायला सांगतात. दोनशे सेकंद उलटतात आणि तिच्या रूटरची ओळ तक्त्यातून निघून जाते. पहिल्या मजल्याच्या खिडकीत सहावा रूटर ठेवायचं ठरतं.