कॅमेऱ्यातली फाईल एडिटिंगला चालत नाही? कन्व्हर्ट करण्याआधी हे वाचा



भोसरी, तळवडे, चाकण, महाळुंगे, निघोजे या आपल्या पट्ट्यात आता छोटा वर्कशॉपवालाही आपल्या मशीनचा, जॉबचा व्हिडिओ बनवून ग्राहकाला पाठवतो. काहीजण हेच काम सेवा म्हणून द्यायच्या विचारात आहेत: शूटिंग करायचं, एडिट करायचं, कारखानदाराला तयार व्हिडिओ द्यायचा. धंदा चांगला आहे, भांडवल कमी लागतं. पण बरेचजण पहिल्याच कामात एका ठिकाणी अडकतात. कॅमेऱ्यातली फाईल एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडतच नाही, किंवा उघडते पण अडखळत चालते.

समजा, एका वर्कशॉपमध्ये एसपीएमची शेवटची ट्रायल आहे. तुम्ही दिवसभर शूटिंग केलं. संध्याकाळी मशीन ट्रकवर चढलं आणि गेलं. रात्री फाईल्स लॅपटॉपवर घेतल्या तर सॉफ्टवेअर म्हणतं, हा फॉरमॅट चालत नाही. मग घाईघाईत एखादा फुकट कन्व्हर्टर शोधला, सगळं कन्व्हर्ट केलं, दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी कार्ड रिकामं केलं. नंतर बघता तर चित्र धुरकट आणि आवाज मागेपुढे. आता मशीन काही परत येणार नाही, ट्रायल परत होणार नाही.

म्हणून आजचा मुद्दा एकच: आधी निदान, मग औषध. आणि मूळ फाईलला हात लावायचा नाही.

डबा वेगळा, माल वेगळा

फाईलच्या नावाच्या शेवटी एमपीफोर, एमओव्ही, एमटीएस, एमकेव्ही असं जे लिहिलेलं असतं ते डब्याचं नाव आहे. याला म्हणतात कंटेनर. डब्याच्या आत चित्र आणि आवाज ज्या पद्धतीने दाबून भरलेले असतात, त्या पद्धतीला म्हणतात कोडेक. एच.२६४, एच.२६५, प्रोरेस ही कोडेकची नावं आहेत.

एकाच प्रकारच्या डब्यात वेगवेगळा माल असू शकतो. दोन एमपीफोर फाईल्सपैकी एकीत एच.२६४ असेल, दुसरीत एच.२६५. एक चालेल, दुसरी चालणार नाही. म्हणून "एमपीफोर आहे ना, मग का चालत नाही?" या प्रश्नाला अर्थ नाही. आत काय आहे ते बघा.

बघायचं कसं? मीडियाइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात फाईल टाकली की डबा कोणता, कोडेक कोणता, सेकंदाला किती फ्रेम, किती बिटरेट, सगळं लिहून येतं. व्हर्नियर न लावता जॉब पास करता का? मग मीडियाइन्फो न लावता फाईल कन्व्हर्ट करू नका.

कन्व्हर्ट करण्याचे दोन प्रकार

पहिला प्रकार, फक्त डबा बदलणे. याला रीरॅप किंवा रीमक्स म्हणतात. एका क्रेटमधला माल तसाच दुसऱ्या क्रेटमध्ये ठेवला. मालाला धक्का नाही, दर्जा तसाच. वेळही जवळपास फाईल कॉपी करण्याइतकाच.

दुसरा प्रकार, माल उघडून पुन्हा नव्याने दाबणे. याला ट्रान्सकोड म्हणतात. यात प्रत्येक फ्रेम नव्याने बनते. वेळ लागतो आणि जास्त दाबलं तर दर्जा घसरतो. ड्रॉइंगच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की बारीक रेघा आणि आकडे पुसट होतात ना? तसंच.

पहिल्या प्रकाराने काम भागत असेल तर दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका. उदाहरण सांगतो. कॅड-कॅमचं ट्रेनिंग देणारे बरेचजण ओबीएसने स्क्रीन रेकॉर्ड करतात आणि फाईल एमकेव्ही ठेवतात. त्याचं कारण आहे: मध्येच वीज गेली तरी तोपर्यंतचं रेकॉर्डिंग वाचतं, साधी एमपीफोर फाईल मात्र अशा वेळी खराब होऊ शकते. पण काही एडिटिंग सॉफ्टवेअर एमकेव्ही घेत नाहीत. तिथे ट्रान्सकोडची गरजच नाही. ओबीएसच्याच फाईल मेनूमध्ये "रीमक्स रेकॉर्डिंग्ज" आहे. तिथून एमपीफोर करून घ्या.

फाईल उघडते, पण अडखळते. असं का?

हा सगळ्यात जास्त येणारा त्रास. आणि इथे लॅपटॉपवर राग काढण्याआधी कारण समजून घ्या.

तुमच्या स्टोअरचं स्टॉक रजिस्टर आठवा. एक तारखेला पूर्ण मोजणी केली आणि पुढे रोज फक्त आवक-जावक लिहिली. जागा वाचते. पण कुणी विचारलं, अठरा तारखेला स्टॉक किती होता, तर एक तारखेपासून बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं.

एच.२६४ आणि एच.२६५ असंच काम करतात. एक फ्रेम पूर्ण साठवतात, पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहितात. सलग बघायला हे उत्तम. पण एडिटिंग करताना आपण कुठेही उडी मारतो, मागे जातो, कापतो. प्रत्येक वेळी कॉम्प्युटरला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशोब करत यावं लागतं. एच.२६४ हे २००३ सालचं आणि एच.२६५ हे २०१३ सालचं प्रमाण. नवं जास्त दाबतं, म्हणून हिशोब आणखी किचकट. जुना लॅपटॉप तिथे दमतो.

प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर हे एडिटिंगसाठी बनवलेले कोडेक. ते प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवतात, म्हणजे रोजच्या रोज पूर्ण मोजणी. फाईल मोठी होते, पण एडिटिंग लोण्यासारखं चालतं.

मग सगळं प्रोरेसमध्ये करायचं का?

थांबा, आधी हिशोब करू. बिटरेटला ८ ने भागलं की सेकंदाला किती एमबी ते मिळतं.

- कॅमेरा ५० मेगाबिटने शूट करत असेल तर सेकंदाला सव्वासहा एमबी, म्हणजे तासाला साधारण २२.५ जीबी.
- तेच फुल एचडी, २५ फ्रेमचं शूटिंग प्रोरेस ४२२ मध्ये केलं तर बिटरेट सुमारे १२२ मेगाबिट, म्हणजे तासाला साधारण ५५ जीबी.
- प्रोरेस प्रॉक्सी केलं तर सुमारे ३८ मेगाबिट, म्हणजे तासाला साधारण १७ जीबी.

छोट्या उद्योजकाचा मार्ग तिसरा: प्रॉक्सी. मूळ फाईल तशीच ठेवायची, तिची एक हलकी कामचलाऊ प्रत बनवायची, काटछाट त्या प्रतीवर करायची. शेवटचा व्हिडिओ काढताना मात्र मूळ फाईल वापरली जाते. डाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून "जनरेट प्रॉक्सी मीडिया", प्रीमिअर प्रोमध्ये "क्रिएट प्रॉक्सीज". विंडोजवर डीएनएक्सएचआर, मॅकवर प्रोरेस निवडा.

ही युक्ती नवी नाही बरं का. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, १९६० पासून चित्रपट शिक्षणाची संस्था आहे, एफटीआयआय. फिल्मवर काम शिकलेल्या कोणत्याही संकलकाला विचारा. काटछाट रश प्रिंटवर व्हायची. निगेटिव्ह सुरक्षित ठेवलेली असायची आणि सगळं ठरल्यावरच तिला कात्री लागायची. आपली मूळ फाईल म्हणजे ती निगेटिव्ह.

लक्षण आणि उपाय

१. नव्या आयफोनचा व्हिडिओ जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोनमध्ये एच.२६५ आलं. पुढच्या शूटिंगसाठी सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे "मोस्ट कम्पॅटिबल" निवडा. म्हणजे एच.२६४ मध्येच रेकॉर्ड होईल आणि कन्व्हर्ट करायची वेळच येणार नाही.

२. आवाज येतो, चित्र येत नाही. मीडियाइन्फोमध्ये "१०-बिट" लिहिलंय का बघा. डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत अशा काही एच.२६४, एच.२६५ फाईल्स चालत नाहीत, पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत चालतात. फुकटातच राहायचं असेल तर शटर एन्कोडर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि त्याच फाईल्स डीएनएक्सएचआरमध्ये ट्रान्सकोड करा. १०-बिटला चालणारा पर्याय निवडा. फक्त त्याच फाईल्स, सगळ्या नाही.

३. सुरुवातीला आवाज जुळतो, शेवटी ओठ आणि शब्द वेगळे. मोबाईल उजेडानुसार फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडून फाईल नव्याने बनवा. क्वालिटीचा आरएफ आकडा १६ ते १८ ठेवा. हा आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाईल मोठी.

४. फिरणाऱ्या चकवर कंगव्यासारख्या आडव्या रेषा दिसतात. जुन्या हँडीकॅमच्या एमटीएस फाईलमध्ये हे होतं. अशा कॅमेऱ्यात अर्धी चित्रं एकाआड एक साठवलेली असतात, त्याला इंटरलेस म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये "डीइंटरलेस" चालू करा.

५. लांब शूटिंगचे तुकडे झालेत आणि सांध्यावर आवाज तुटतो. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डवर एक फाईल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा तुकडे करतो. असं असेल तर फक्त एमटीएस फाईल्स उचलू नका. कार्डवरचं पूर्ण फोल्डर आहे तसं कॉपी करा. तुकडे कसे जोडायचे याची माहिती त्या फोल्डरमधल्या बाकीच्या फाईल्समध्ये असते.

६. साईटवरून आलेला व्हिडिओ धुरकट आहे. तो व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आला असेल. व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना तो पुन्हा दाबतं. कितीही कन्व्हर्ट केलं तरी गेलेला दर्जा परत येत नाही. सुपरवायझरला सांगा, "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाईल तशी जाते, जशीच्या तशी.

ऑनलाइन कन्व्हर्टरचा खरा धोका

आता धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. वेबसाईटवर फाईल टाकून कन्व्हर्ट करणं सोपं वाटतं. पण त्या क्षणी तुमच्या ग्राहकाचा जॉब, त्याचं फिक्स्चर, मागच्या फळ्यावर लिहिलेला पार्ट नंबर, हे सगळं कुणाच्या तरी सर्व्हरवर गेलं. आपल्या पट्ट्यातले बहुतेक छोटे कारखाने मोठ्या वाहन कंपन्यांच्या साखळीत काम करतात. बाजारात न आलेल्या गाडीचा पार्ट तुमच्या व्हिडिओत असू शकतो. अनेक ठिकाणी गुप्ततेच्या करारावर सही झालेली असते. फाईल बाहेर गेली तर तुमचं एक काम जाईल, पण त्या कारखानदाराची व्हेंडरशिप जाऊ शकते. म्हणून कन्व्हर्ट करायचं ते आपल्याच कॉम्प्युटरवर. हँडब्रेक आणि शटर एन्कोडर इंटरनेट बंद असतानाही चालतात. कोटेशनमध्ये हे एक वाक्य लिहा: "आपलं चित्रीकरण कोणत्याही ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाकलं जाणार नाही." ग्राहकाला याची किंमत कळते.

कोटेशनमध्ये हे धरा

तीन तासांचं शूटिंग, ५० मेगाबिट. मूळ फाईल्स ६७.५ जीबी. दुसऱ्या डिस्कवर त्यांची प्रत, आणखी ६७.५. प्रॉक्सी साधारण ५१. एकूण १८६ जीबी, तेही एका कामासाठी. २५६ जीबीच्या लॅपटॉपवर हे बसत नाही. तेव्हा बाहेरची डिस्क हा खर्च धंद्याचा आहे, चैनीचा नाही. कॉपी करायला आणि प्रॉक्सी बनवायला लागणारा वेळही डिलिव्हरीच्या तारखेत धरा. "उद्या सकाळी देतो" असं म्हणण्याआधी आजची रात्र कशात जाणार आहे ते मोजा.

शेवटी ग्राहकाला द्यायची फाईल साधी ठेवा: एमपीफोर, आत एच.२६४, आवाज एएसी. यूट्यूबसाठी फुल एचडी, २४ ते ३० फ्रेम असेल तर ८ मेगाबिटची शिफारस खुद्द यूट्यूब करतं. तीच फाईल ग्राहकाच्या ऑफिसमधल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या मोबाईलवर आणि हाताशी असलेल्या कॅमेऱ्यावर एक-एक मिनिट शूट करा. दोन्ही फाईल्स मीडियाइन्फोमध्ये टाका. डबा, कोडेक, फ्रेम रेट, बिटरेट, चार गोष्टी वहीत लिहा. मग दोन्ही तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघा, काय चालतं, काय अडतं. एकदा प्रॉक्सी बनवून बघा आणि किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजा.

ही चाचणी घरी करा, ग्राहकाच्या शॉपफ्लोअरवर नाही. आणि नियम लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेला चिकटवा: दोन ठिकाणी कॉपी झाली, दोन्हीकडची फाईल उघडून बघितली, तरच कार्ड रिकामं करायचं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, काम करत राहा!