गादी राहिली, राज्य गेलं

सांवेर रोडने इंदूरबाहेर पडलं की कारखाने मागे पडतात आणि माळव्याची काळी शेतं सुरू होतात. रस्ता सांवेरवरून उज्जैनला जातो. इंदुरातली कान्ह नदीही त्याच दिशेने वाहते, उज्जैनजवळ शिप्रेला मिळते आणि शिप्रा पुढे महिदपूरवरून चंबळेकडे जाते. याच शिप्रेच्या काठी, महिदपुरात, २० डिसेंबर १८१७ रोजी होळकरांच्या फौजेने आपल्याच राज्यकर्तीचं शिर उडवलं. तिचं नाव तुळसाबाई. थक्क व्हावं ते पुढेच: दुसऱ्या दिवशी हीच फौज होळकरांच्याच गादीसाठी इंग्रजांशी लढली!

हे घडलं कसं? यशवंतराव होळकर १८११ मध्ये भानपुऱ्याला वारले. वारस मल्हारराव जेमतेम पाच वर्षांचा. यशवंतरावांची सहचारिणी तुळसाबाई हिने त्याला दत्तक घेतलं आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. तल्लख बुद्धीची, मोहवून टाकणारी आणि तितकीच निर्दय, असं तिचं चित्र इंग्रज सेनानी जॉन माल्कमने रंगवलं आहे. ते शत्रूचे शब्द आहेत, हे विसरू नये. पण दिवाण बळराम शेठला तिच्याच हुकमाने मारण्यात आलं, हेही खरं.

फौजेचे पगार तुंबले होते. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीला पेशवे आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली. होळकरांच्या पठाण सरदारांना पेशव्यांच्या बाजूने उतरायचं होतं, कारण तिकडून पैशाची आशा होती. तुळसाबाईने मात्र इंग्रजांच्या आश्रयासाठी गुपचूप बोलणी लावली होती. तह झाला की आपली चाकरी संपलीच, हे सरदारांनी ओळखलं.

मग डाव पडला. अकरा वर्षांचा मल्हारराव तंबूपाशी खेळत होता. त्याला फूस लावून दूर नेलं आणि त्याच वेळी तुळसाबाईच्या तंबूवर पहारा बसला. पुढचं तिने ओळखलं. तिने अन्नाला हात लावला नाही. तिला नदीकाठी नेऊन मारलं आणि धड पाण्यात टाकून दिलं. तिशीही न गाठलेल्या त्या बाईसाठी एवढ्या मोठ्या छावणीत कुणी पुढे आलं नाही.

फ्रान्सच्या क्रांतीत, १७९३ मध्ये, सोळाव्या लुईला मारण्याआधी खटला चालला, सभेत मतं मोजली गेली आणि राजेपदच मोडीत निघालं. महिदपुरात ना खटला, ना मतं. शनिवारवाड्यात १७७३ साली नारायणराव पेशव्यांवर धावून गेलेले गारदीही थकलेल्या पगारासाठीच आरडाओरडा करत आत शिरले होते. आपल्याकडे अशा बंडांत माणूस मारला गेला, गादीला मात्र कुणी धक्का लावला नाही. मल्हाररावाला जपलं ते याचमुळे: त्याच्या नावाशिवाय सरदारांच्या हुकमाला किंमतच नव्हती.

२१ डिसेंबरला सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने होळकरांच्या तोफांसमोरून शिप्रा ओलांडली. पुढे होता माल्कम. होळकरांचा तोफखाना चालवणाऱ्या रोशन बेगच्या तोफांनी भयंकर मारा केला. इंग्रजांकडचे जवळजवळ ८०० जण मेले किंवा जखमी झाले. तरी दिवस होळकरांच्या हातून गेला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरला तह झाला. राजपुतान्यावरचे हक्क गेले, खानदेशासकट सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला. पठाणांचा पुढारी गफूरखान याची जावऱ्याची जहागीर मात्र तहाच्या कलमातच पक्की झाली.

जो तह टाळण्यासाठी तुळसाबाईचा जीव घेतला, तोच तह सतरा दिवसांत, कितीतरी कडक अटींवर, पदरात पडला. त्याच वर्षी होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि शेजारी इंग्रजांची रेसिडेन्सी उभी राहिली. आजचं इंदूर वाढलं ते इथून. शहराच्या इतिहासात अहिल्याबाईंचं नाव आपण आदराने घेतो, ते योग्यच आहे. पण राजधानीचं हे शहर ज्या उलथापालथीतून घडलं, तिचा पहिला बळी तुळसाबाई होती. तिचे गुण आणि तिचे अपराध, दोन्ही नीट वाचल्याशिवाय इंदूरची गोष्ट पुरी होत नाही.