स्त्रीधनाचा हिशेब आणि न्यायाचा मार्ग

व्यापारी घरात प्रत्येक व्यवहाराची नोंद असते. मालाची चलने, उधारीची वही, बँकेचे खातेउतारे, करविवरणपत्रे सारे वर्षानुवर्षे जपले जाते. परंतु त्याच घरात सून म्हणून आलेल्या मुलीसोबत किती तोळे सोने आले, त्यातील माहेरचे किती, सासरचे किती आणि आज ते कोणाच्या लॉकरमध्ये आहे, याविषयी एका ओळीचीही नोंद बहुधा आढळत नाही. संसार सुरळीत चालतो तोवर ही उणीव कोणाला जाणवत नाही. घरात हिंसा शिरली की तीच उणीव त्या स्त्रीच्या पायातील बेडी होते.

हिंसा म्हटली की मारहाण एवढाच अर्थ आपल्या मनात येतो. कायद्याने मात्र ती अधिक व्यापक मानली आहे. 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक छळाबरोबरच आर्थिक छळालाही हिंसाचारच म्हटले आहे. घरखर्चाला वा औषधपाण्याला पैसे न देणे, स्त्रीधन अडकवून ठेवणे, तिचा हक्क असलेले दागिने किंवा शेअर्स परस्पर विकणे, ती राहत असलेल्या घराचा वापर तिला नाकारणे हे सारे या व्याख्येत येते. हे संरक्षण केवळ पत्नीपुरते नाही. त्याच घरात राहणारी आई, विधवा भावजय किंवा अविवाहित बहीण यांनाही ते लागू आहे.

व्यापारी कुटुंबांत आर्थिक छळ सहसा गाजावाजा न होता घडतो. खाते पत्नीच्या नावाचे असते, पण त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक पतीचा असतो. ओटीपी त्याच्याकडे येतो आणि खात्यात काय आले, काय गेले, हे तिला कळतही नाही. पेढीच्या सोयीसाठी तिचे नाव भागीदार म्हणून घातले जाते, कर्जाच्या कागदांवर जामीनदार म्हणून तिची सही घेतली जाते. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार पेढीच्या देण्यास प्रत्येक भागीदार व्यक्तिशः जबाबदार असतो आणि जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे ठरले नसेल तर, कर्जदाराइतकीच असते. नफ्याचा हिशेब जिला कधी दाखवला गेला नाही, तिच्या दारी थकबाकीची नोटीस मात्र येऊ शकते. न वाचता केलेली सही हा विश्वासाचा पुरावा मानण्याची प्रथा म्हणूनच घातक आहे.

स्त्रीधन कोणाचे, या प्रश्नावर कायद्यात संदेह नाही. प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले की, स्त्रीधनावर संपूर्ण मालकी स्त्रीचीच असते. ते पतीच्या वा सासरच्या हाती असले तरी ते त्याचे केवळ सांभाळकर्ते असतात आणि मागूनही परत न करणे हा फौजदारीपात्र न्यासभंग ठरू शकतो. विवाहापूर्वी, विवाहसमयी वा नंतर आईवडील, भाऊ, पती, सासू-सासरे किंवा आप्तेष्टांनी तिला दिलेल्या भेटी यात मोडतात.

अडचण येते ती पुराव्याची. दागिने सासूबाईंच्या एकटीच्या नावावरील लॉकरमध्ये असतील, तर ते सुनेचे आहेत हे सर्वांना ठाऊक असूनही बँक तिला तो लॉकर उघडू देऊ शकत नाही. अशा वेळी न्यायालयाचा आदेश लागतो. २००५ च्या कायद्यानुसार दंडाधिकारी लॉकर व खात्यांच्या वापरास मनाई करू शकतात, तसेच स्त्रीधन परत देण्याचा आदेशही देऊ शकतात. परंतु काय परत द्यायचे, हे सांगायला यादी हवी.

ही यादी करण्याची तरतूद १९८५ पासून अस्तित्वात आहे. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील नियमांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची लेखी यादी विवाहसमयी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर करावी लागते. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते त्यात लिहून वधू-वर दोघांनीही सही करावयाची असते. वराला मिळालेल्या भेटींचीही स्वतंत्र यादी अपेक्षित आहे. सोन्याच्या दागिन्यावरील हॉलमार्कचा सहा अंकाक्षरी क्रमांक यादीत लिहिला आणि सराफाची पावती व छायाचित्रे जोडली, तर वादाला जागा उरत नाही. अशी यादी वरपक्षाचेही वाढीव दाव्यांपासून रक्षण करते. लग्नाच्या जेवणावळीचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या घरांना हे एक पान जड नाही.

कागद हाती असले की न्यायाची वाट आखूड होते. २००५ च्या कायद्याखाली अर्ज दाखल झाल्यावर पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत प्रकरण निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून अंतरिम आदेशाचे महत्त्व मोठे आहे. तो प्रतिज्ञापत्राच्या आधारे, प्रसंगी दुसऱ्या पक्षाच्या अनुपस्थितीतही मिळू शकतो. पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिले. त्याआधीच्या महिन्यात सतीश चंदर आहुजा प्रकरणात न्यायालयाने सांगितले होते की, घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्या कारणाने सुनेचा निवासाचा दावा नाकारता येत नाही.

मदतीसाठी जिल्ह्यातील संरक्षण अधिकारी, 'सखी' केंद्र, १८१ ही महिला हेल्पलाइन आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

तरीही दार ठोठावणाऱ्या स्त्रिया थोड्याच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितल्याचे आढळले. पेढीची पत जाईल, धाकट्या बहिणीचे लग्न अडेल, दोन्ही घरांचे व्यवहार तुटतील, अशी कारणे व्यापारी समाजात तिच्या तोंडाला कुलूप घालतात. मग प्रकरण वडीलधाऱ्यांच्या बैठकीत येते आणि 'थोडे सांभाळून घे' या उपदेशाने मुलीची परत पाठवणी होते. बैठकीला विरोध असण्याचे कारण नाही. मात्र तिने काही पथ्ये पाळली पाहिजेत. मुलीचे म्हणणे तिला एकटीला बसवून ऐकावे. मारहाण झाली असेल तर आधी वैद्यकीय तपासणी व्हावी. ठरेल ते लेखी असावे, तिची प्रत तिच्या हाती राहावी आणि समझोत्याची किंमत म्हणून न्यायालयाचा मार्ग सोडण्याची अट तिच्यावर लादू नये. शेजारी वा नातलगही संरक्षण अधिकाऱ्यास हिंसेची माहिती देऊ शकतात. सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्यांच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

प्रतिबंधाची सुरुवात मात्र मुलीच्या लग्नाआधी माहेरीच होऊ शकते. तिच्या एकटीच्या नावाचे खाते, त्याला तिचाच मोबाइल क्रमांक, तिच्या नावाचा लॉकर, दागिन्यांची सही असलेली यादी व तिची एक प्रत माहेरी, आणि वाचल्याशिवाय सही न करण्याची सवय एवढी शिदोरी तिच्यासोबत द्यावी. सासरच्यांनीही हा अविश्वास मानू नये. जुन्या भागीदाराशीसुद्धा लेखी करार करणाऱ्या पेढीत त्याला कोणी अविश्वास म्हणत नाही. मुलीला निरोप देताना आणखी एक गोष्ट आईवडिलांनी स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे: त्रास झाला तर या घराचे दार उघडे आहे, आणि परत येण्यासाठी तुला कोणाची परवानगी लागणार नाही.